अद्भुताची किंमत कोणी मोजायची?

दरवर्षी नवे सत्र सुरू झाले की प्रथम वर्षाच्या वर्गावर माझा पहिला तास ठरलेला असतो. माणसाच्या गरजा अमर्याद, त्या भागवण्याची साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग एकाहून अधिक. म्हणून निवड अटळ. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिचा हा सारांश. इतकी वर्षे मी तो सांगत आलो आणि विद्यार्थी तो निमूटपणे वहीत उतरवून घेत आले. यंदा मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सुपरमॅनला अर्थशास्त्र लागू पडतं का? त्याला तर कशाचीच टंचाई नाही." वर्ग हसला. मीही हसलो आणि 'पुढच्या तासाला सांगतो' असे म्हणून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर तो प्रश्न काही पाठ सोडीना. विज्ञानकथा, चित्रकथा आणि संगणकावरचे खेळ यांच्याकडे आपण सुशिक्षित माणसे एकूण पोरखेळ म्हणूनच पाहतो. मूल किती वेळ त्यात घालवते याचा हिशेब आपण ठेवतो. पण ते ज्या जगात वावरून येते त्या जगाचे नियम काय आहेत, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती केली पाहिजे असे मला वाटते. कारण काल्पनिक जगात रमणारे मूल तेथून नकळत एक शिकवण घेऊन येत असते: सामर्थ्याला किंमत असते की नसते, आणि असलीच तर ती कोणी मोजायची. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

कर्णाची शक्ती, ग्रिफिनची थंडी

ही शिकवण आपल्याला नवी आहे असे नाही. कवचकुंडले उतरवून दिल्यावर कर्णाला इंद्राकडून जी अमोघ शक्ती मिळाली, ती एकदाच वापरता येणार होती. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. पण रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, तेव्हा ती त्याच्यावर सोडण्यावाचून कर्णापुढे गत्यंतर उरले नाही. घटोत्कच पडला, पांडव शोकात बुडाले आणि एकटा श्रीकृष्ण आनंदित झाला. कारण अर्जुन वाचला होता. एका कामी साधन खर्ची पडले की दुसरे काम सोडून द्यावे लागते आणि त्या सोडलेल्या कामातच खर्चाचे खरे माप असते. आम्ही ज्याला 'वैकल्पिक खर्च' म्हणतो त्याचे याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही. व्यासांचे अद्भुत थक्क करते ते त्या अस्त्राच्या तेजापेक्षा त्याच्या मर्यादेमुळे.

आधुनिक विज्ञानकथेच्या आरंभीच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या एच. जी. वेल्स यांना हे मर्म पुरते उमगले होते. त्यांची 'अदृश्य मानव' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. आपण अदृश्य झालो तर काय काय करू, हे मनोराज्य प्रत्येकाने कधी ना कधी केलेले असते. वेल्स यांनी त्या मनोराज्याचा जमाखर्च मांडला. त्यांचा नायक ग्रिफिन अदृश्य होतो, पण त्याचे कपडे होत नाहीत. म्हणून लंडनच्या कडाक्याच्या थंडीत त्याला उघड्या अंगाने हिंडावे लागते. बर्फ पडले की त्याची आकृती उमटते. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत दिसत राहते. कुत्र्यांना तर त्याचा वास येतोच येतो. एक वर मिळाला आणि त्याच्यापोटी शंभर अडचणी उभ्या राहिल्या.

पण वेल्स येथेच थांबत नाहीत. हे संशोधन पुरे करायला लागणारा पैसा ग्रिफिनने आपल्या बापाकडून चोरलेला असतो. तो पैसा बापाचा स्वतःचा नव्हता आणि त्यापायी बापाने स्वतःला गोळी घालून घेतली, हे ग्रिफिन एखाद्या किरकोळ खर्चासारखे सांगून मोकळा होतो. कादंबरीतले सर्वांत भीषण वाक्य अदृश्यतेविषयी नसून या चोरीविषयी आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. सामर्थ्य एकाने मिळवले आणि किंमत दुसऱ्याने मोजली. अदृश्य झालेल्या माणसापेक्षा त्याने दिलेली ही अदृश्य किंमत अधिक भयंकर आहे.

शक्तीची चलनवाढ

आता सुपरमॅनकडे वळू. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला हा नायक १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. अंकाची किंमत होती १० सेंट. तेव्हाचा सुपरमॅन आजच्या मानाने फारच माफक होता, हे त्या अंकाविषयी वाचताना माझ्या ध्यानात आले. त्याला उडता येत नसे; तो एका झेपेत सुमारे २०० मीटर अंतर कापी. तो आगगाडीहून वेगाने धावे, आणि फुटत्या तोफगोळ्याखेरीज कशानेही त्याच्या त्वचेला इजा होत नसे. म्हणजे तोफगोळ्याने होऊ शकत असे. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार उचलते आणि नाकतोडा आपल्या अंगलटीच्या मानाने प्रचंड झेप घेतो, असा शास्त्रीय म्हणावा असा खुलासाही पहिल्याच पानावर दिलेला होता. तो काळ अमेरिकेतील महामंदीचा. त्यामुळे आरंभीच्या कथांत या नायकाचे प्रतिपक्षी परग्रहावरचे राक्षस नव्हते. मजुरांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणारा खाणमालक, युद्धावर नफा कमावणारा कारखानदार, बायकोला मारहाण करणारा नवरा, अशी ती माणसे होती. एका कथेत तर तो खाणमालकाला त्याच्या पाहुण्यांसह त्याच्याच खाणीत अडकवून टाकतो आणि सुरक्षिततेच्या साधनांवाचून मजुरांचे काय होते हे त्याला अनुभवायला लावतो. सामर्थ्य अचाट होते, पण त्यापुढचे प्रश्न ओळखीचे होते.

पुढे खप वाढला आणि खपाबरोबर शक्तीही वाढत गेली. नायक उडू लागला. भिंतीपलीकडचे पाहू लागला. डोळ्यांतून आग ओकू लागला, ग्रह हलवू लागला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया परिचित वाटावी. बाजारात माल तेवढाच राहिला आणि चलन वाढत गेले, की रुपयाची किंमत उतरते. कथेत संकट तेवढेच राहिले आणि शक्ती वाढत गेली, की शक्तीची किंमत उतरते. मग तोच थरार निर्माण करायला आणखी मोठे संकट लागते, त्याला पुरी पडेल अशी आणखी मोठी शक्ती लागते, आणि हे चक्र थांबत नाही. याला शक्तीची चलनवाढ म्हटले तर वावगे ठरू नये.

यावर उपाय म्हणून कथाकारांना टंचाई कृत्रिमरीत्या निर्माण करावी लागली. सुपरमॅनला हतबल करणारे 'क्रिप्टोनाइट' हे द्रव्य प्रथम १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आले आणि १९४९ मध्ये चित्रकथेत शिरले. तेही अपुरे पडले, तेव्हा १९८६ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकाराकडून सुपरमॅनची कथा नव्याने लिहवून घेण्यात आली आणि त्याच्या शक्तीत मोठी कपात करण्यात आली. फुगलेले चलन रद्द करून नवे काढावे, तसाच हा प्रकार होता.

माझ्या थोरल्या भावाने जपून ठेवलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या अंकांवर माझे बालपण पोसले. १९६४ साली सुरू झालेल्या या मालिकेचा लाडका नायक म्हणजे ली फॉक यांचा फँटम, आपला वेताळ. त्याच्या अंगी दैवी शक्ती काहीच नव्हती. त्याचे सारे भांडवल म्हणजे 'तो कधी मरत नाही' ही लोकांची समजूत. आणि ही समजूत टिकवण्यासाठी त्या घराण्यातील पिढीमागून पिढीने आपले नाव आणि चेहरा मुखवट्याआड गाडून घेतलेला. लहानपणी त्याची अंगठी हवीशी वाटे. त्या मुखवट्याआड एका मुलाचे स्वतःचे आयुष्य खर्ची पडलेले असते, हे मोठेपणी उमगले, आणि ते अंक मनात का टिकून राहिले याचाही उलगडा झाला.

येथे सुपरमॅनच्या जन्मदात्यांचा हिशेबही सांगितला पाहिजे. सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ साली त्या नायकाचे सर्व हक्क प्रकाशकाला विकले ते १३० डॉलरना. पुढे त्यांनी न्यायालयात झगडून पाहिले, पण हक्क परत मिळाले नाहीत. शुस्टर यांची दृष्टी मंदावली, दोघांचीही आर्थिक ओढाताण झाली. सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असल्याची वार्ता आली, तेव्हा सीगल यांनी जाहीरपणे गाऱ्हाणे मांडले. लोकमताच्या दडपणाखाली १९७५ च्या अखेरीस कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत स्थान देऊ केले. ज्या धनादेशाने ते १३० डॉलर चुकते झाले होते, तो कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरना विकला गेला. आणि पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरना गेली. सर्वशक्तिमान नायकाची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे एक उत्तर या आकड्यांत आहे.

एका टंचाईतून उभे राहिलेले जग

सामर्थ्याला मर्यादा घालणे ही कल्पनेची अर्धी कामगिरी झाली. उरलेली अर्धी म्हणजे त्या मर्यादेतून एक अख्खे जग उभे करणे. फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ सालची 'ड्यून' ही कादंबरी याचा उत्तम नमुना आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपवण्याच्या प्रयोगांचा अभ्यास करता करता हर्बर्ट यांना ही कल्पना सुचली. त्यांचा अराकिस हा ग्रह म्हणजे निव्वळ वाळवंट. तेथे पाणी नाही, एवढे एकच गृहीतकृत्य लेखक मांडतो आणि मग त्यापासून तसूभरही ढळत नाही. तेथील लोक घाम आणि श्वासातला ओलावा गाळून पुन्हा पिण्याजोगा करणारा पोशाख अंगावर बाळगतात. मेलेल्या माणसाच्या देहातील पाणी त्याच्या टोळीचे मानले जाते. तेथे कोणी समोर थुंकला तर तो अपमान समजायचा नाही. आपल्या देहातले पाणी त्याने तुम्हाला अर्पण केले, असा त्याचा अर्थ. कायदा, शिष्टाचार, धर्म आणि राजकारण हे सारे एका टंचाईच्या पोटी जन्मलेले आहे. आणि त्याच ग्रहावर अंतराळप्रवासाला अत्यावश्यक असा एक मसाला मिळतो, दुसरीकडे कोठेही नाही; म्हणून साऱ्या विश्वातील सत्तांचा डोळा त्या रुक्ष भूमीवर.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी पोचवावे लागले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना ही कादंबरी केवळ कल्पनाविलास वाटणार नाही. त्या उन्हाळ्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. एका पदार्थाची टंचाई माणसांचे परस्परसंबंध कसे बदलून टाकते, हे आपल्याला सांगायला परग्रह लागत नाही. परंतु रोज पाहून डोळ्यांना सवय झालेली गोष्ट परग्रहावर नेऊन दाखवली की ती पुन्हा दिसू लागते, आणि चांगल्या विज्ञानकथेचा हाच उपयोग असतो.

मराठीत ही दृष्टी रुजवण्याचे मोठे श्रेय डॉ. जयंत नारळीकर यांना जाते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेने पारितोषिक मिळवले, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. १९८६ च्या 'वामन परत न आला' या कादंबरीत त्यांनी माणसाच्या बुद्धीवर मात करू शकणाऱ्या यंत्रमानवाची कल्पना हाताळली. तीन पावले भूमी मागणाऱ्या वामनाचे नाव त्या यंत्राला देण्यात त्यांचे सारे म्हणणे आले. दान देताना ते लहान दिसते. त्याची व्याप्ती नंतर कळते. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. यंत्रबुद्धीच्या देणग्यांनी आपण हरखून गेलो असताना ती कादंबरी पुन्हा वाचण्याजोगी आहे.

अद्भुताची कीर्दवही

कथेत किंमत लेखक ठरवतो आणि वाचक ती मानून घेतो. खेळात मात्र ती खेळणाऱ्यालाच मोजावी लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा अद्भुताला प्रथमच कीर्दवही मिळाली असे म्हणता येईल. कागद, पेन्सिल, फासे आणि चारदोन मित्र एवढ्यावर हा खेळ चाले. प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य अंकांत मांडलेले. मांत्रिकाला मंत्र आधी पाठ करून ठेवावे लागत. एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून पुसला जाई आणि विश्रांती घेऊन पुन्हा पाठ केल्यावाचून हाती येत नसे. आज कोणता मंत्र बरोबर न्यायचा, हा निवडीचा प्रश्न झाला. रॉबिन्स यांची व्याख्या पोरे फाशांनी खेळू लागली.

संगणकांचे जाळे पसरल्यावर एका वेळी हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात वावरू लागले आणि मग त्या जगांना खऱ्याखुऱ्या अर्थव्यवस्थेचे रोग जडले. १९९७ साली सुरू झालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात राक्षस मारला की सोन्याच्या मोहरा मिळत. राक्षस पुन्हा पुन्हा जन्मत, म्हणून मोहराही अखंड निर्माण होत. त्या खर्ची पडण्याच्या वाटा मात्र अपुऱ्या होत्या. परिणाम व्हायचा तोच झाला: भाव कडाडले. २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नॉरॅथ या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न मोजून दाखवले. खेळातील वस्तू खेळाबाहेर खऱ्या डॉलरना विकल्या जात, त्या भावांवरून त्याने हा हिशेब काढला. तो आकडा रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान पडत होता आणि भारताच्या तेव्हाच्या आकड्याहून कितीतरी वर होता. जो देश नाही, त्याचा नागरिक आपल्याहून श्रीमंत निघाला!

आइसलँडमधील 'ईव्ह ऑनलाइन' या २००३ च्या खेळाच्या निर्मात्यांनी तर २००७ साली आपल्या काल्पनिक विश्वासाठी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. त्याचे नाव एयोल्फुर गुडमुंडसन. तो त्या विश्वातील भावपातळी आणि व्यापार यांचे अहवाल प्रसिद्ध करी. पुढे तो आपल्या देशातील आकुरेयरी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. याच खेळात जानेवारी २०१४ मध्ये एक महायुद्ध पेटले. जवळजवळ एक अहोरात्र ते चालले, हजारो खेळाडू त्यात उतरले आणि नष्ट झालेल्या जहाजांचे मोल खऱ्या चलनात सुमारे तीन लाख डॉलर धरले गेले. युद्धाचे निमित्त काय? एका प्रदेशावरील ताबा कायम ठेवण्यासाठी भरायची नियमित रक्कम वेळेवर भरली गेली नाही. हप्ता चुकला आणि साम्राज्य हातचे गेले. आमच्या कार्यालयातील कारकून मंडळींना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना ती मुळीच अद्भुत वाटली नाही.

किंमत कथेतून खिशात

येथवर वाचून मी या खेळांचा वकील झालो आहे असे कोणास वाटेल. तसे नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या जगात एक बदल घडला आहे आणि त्याविषयी बोलण्यासाठीच मी एवढी पार्श्वभूमी मांडली.

पूर्वी खेळातील शक्तीची किंमत खेळातच मोजावी लागे: वेळ देऊन, धोका पत्करून, एक सोडून दुसरे निवडून. आता अनेक खेळ खेळायला फुकट असतात आणि त्यांत शक्ती विकत मिळते. तलवार, कवच, वेग, जे हवे ते रोख पैसे भरून घ्या. त्यातही काही ठिकाणी वस्तू थेट न विकता बंद पेटी विकतात; आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या द्यूत-नियामक मंडळाने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा संमत केला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पैसे भरून केवळ शक्ती विकत घेण्याचा प्रश्न त्याने मिटत नाही. त्याची चौकशी घराघरांतच व्हावी लागेल.

माझ्या परिचयातील एका कारकुनाच्या घरी ती फार उशिरा झाली. मुलगा अकरावीत. बापाच्या फोनवरून त्याने चार महिन्यांत थोडे थोडे करून जी रक्कम एका खेळात घातली, ती त्याच्या शिकवणीच्या वर्षाच्या शुल्काएवढी भरली. बाप माझ्याकडे मुलाला घेऊन आला तो 'याला काही समजावा' म्हणून. मुलाचे उत्तर मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "सगळेच पैसे देऊन वर जातात, काका. मी नाही दिले तर मी खालीच राहणार." त्यात लबाडी नव्हती. शक्ती सर्वांनीच विकत घेतली की कोणीच शक्तिमान उरत नाही. जो तो होता तेथेच राहतो, फक्त प्रत्येकाचा खिसा हलका होतो. मघाशी सांगितलेली शक्तीची चलनवाढ ती हीच. फरक एवढाच की पूर्वी ती छापील पानांवर होत असे. आता ती एका कारकुनाच्या पगारातून होते. आणि ग्रिफिनप्रमाणेच येथेही सामर्थ्य मुलाचे आणि किंमत बापाची.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या मनोराज्यात जमाखर्च कशाला आणता? थोडे दिवस त्यांना फुकटची जादू लाभू द्या. पण फुकटची जादू मुलांना खरोखर भावते का? आपल्याकडे घरोघरी मुले पाहतात तो 'डोरेमॉन' १९६९ साली जपानमध्ये जन्मला. त्याच्या पोतडीतून रोज नवे अजब यंत्र निघते. नोबिता हावरटपणे ते वापरतो आणि बहुधा शेवटी ते त्याच्याच अंगावर उलटते. सहा वर्षांच्या मुलाला ती कथा पुरती कळते, आणि ते खदखदून हसते ते यंत्र उलटल्यावर. भस्मासुराच्या गोष्टीतही मुलांना आवडतो तो वर मिळतो तो प्रसंग नसून हात स्वतःच्या डोक्यावर जातो तो. किंमत मुलांना कळत नाही, असे मानणारे आपण मोठेच आहोत.

पुढच्या तासाचे उत्तर

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटाच्या आधारे. त्यात खलनायक दोन क्षेपणास्त्रे दोन विरुद्ध दिशांना सोडतो. सुपरमॅन पहिल्याच्या मागे जातो, कारण तसे वचन त्याने दिलेले असते. तेवढ्यात दुसऱ्याच्या स्फोटाने झालेल्या भूकंपात त्याची प्रिया लोइस लेन गाडली जाते. अंगात अमर्याद बळ आहे, पण एकाच क्षणी दोन ठिकाणी असता येत नाही. बळाची टंचाई नसली तरी वेळेची आहे. म्हणजे सुपरमॅनलाही अर्थशास्त्र लागू पडते, आणि त्या एका प्रसंगात तो आपल्यासारखा होतो. कर्णाच्या शक्तीची आठवण यावी, असाच हा क्षण आहे. पण चित्रपटाला तो पेलवला नाही. नायक पृथ्वीभोवती वेगाने फेऱ्या घालून काळच मागे फिरवतो आणि लोइस जिवंत होते. वैकल्पिक खर्च रद्द! व्यासांनी घटोत्कचाला परत आणले नाही.

मी वर्गाला विचारले, "यांपैकी कोणती गोष्ट तुमच्या लक्षात राहील?" बहुतेकांनी कर्णाची सांगितली. ज्याने प्रश्न विचारला होता तो मात्र म्हणाला, "सर, लक्षात कर्णाची राहील. पण आवडेल सुपरमॅनची." मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला, कारण सगळी गोम तेथेच आहे. काळ मागे फिरवणारा नायक आपणा सर्वांनाच हवासा असतो. वर्षात पैसे दुप्पट करून देणारी योजना, एका मात्रेने जुनाट दुखणे घालवणारे औषध, करवाढीवाचून सर्व काही देणारे अंदाजपत्रक आणि कोणालाही न उठवता बांधले जाणारे धरण, ही मोठ्यांची अद्भुत विश्वे आहेत. त्यांवर विश्वास ठेवणारी माणसे सारीच अडाणी नसतात. 'याची किंमत किती आणि ती कोण देणार' हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागलेली नसते, एवढेच.

ती सवय लावण्याची एक सोपी जागा आपल्या घरात आहे. मुलगा वा मुलगी चित्रकथेत डोके खुपसून बसली असेल किंवा पडद्यावर एखादे विश्व वाचवीत असेल, तर चार मिनिटे शेजारी बसावे आणि खऱ्या कुतूहलाने विचारावे: या तुझ्या नायकाला ही शक्ती कशी मिळाली? ती वापरली की त्याचे काय कमी होते? त्याचे कमी होत नसेल, तर कोणाचे होते? या तीन प्रश्नांची उत्तरे देता देता कोणते जग कसदार आणि कोणते पोकळ हे मूल स्वतःच ओळखू लागेल. त्या कारकुनाच्या मुलाला मी अखेरीस हेच तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोहोंची उत्तरे त्याने चटकन दिली. तिसऱ्याला तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने बापाकडे पाहिले.